रंगपट्टीशिवाय चित्र छापू नका

पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत भारतीय हवामान विभागाचा एक नकाशा छापून येतो. सरासरीच्या तुलनेत कुठे किती पाऊस पडला, हे तो रंगांनी सांगतो. सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर गडद निळा, २० ते ५९ टक्के जास्त झाला तर फिकट निळा, उणे १९ ते अधिक १९ पर्यंत हिरवा. तूट २० ते ५९ टक्क्यांची असेल तर लाल. आणि तूट ६० ते ९९ टक्क्यांची असेल तर पिवळा. पाऊस पडलाच नाही तर पांढरा. म्हणजे तूट जसजशी वाढते तसतसा रंग लालाकडून पिवळ्याकडे आणि पिवळ्याकडून कोऱ्या कागदाकडे जातो. याच विभागाचे इशारे मात्र हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चढत्या क्रमाने येतात. तिथे पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’ आणि लाल म्हणजे ‘तातडीने पावलं उचला’. दोन्ही चित्रं एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातात पडतात.

माझे काका बीड जिल्ह्यात शेती करतात. पावसाने दडी मारलेल्या एका आठवड्यात त्यांचा फोन आला. “अगं, पेपरात नकाशा आलाय. आपला जिल्हा पिवळा दाखवलाय, शेजारचा लाल आहे. म्हणजे आपल्याकडं जरा बरं आहे म्हणायचं.” मी म्हटलं, “नाही काका, उलटं आहे. पिवळा जास्त वाईट.” ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मग असं कशाला रंगवलंय?” त्यांच्या या प्रश्नाला समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. म्हणूनच हा लेख.

आकड्यांना रंग देणं हे माझं रोजचं काम आहे. पुण्यात राहून मी सिम्युलेशनच्या निकालांची चित्रं तयार करते. कारखान्यातली हवा, नदीतलं पाणी, पंख्याच्या पात्यावरचा दाब, असं काहीही असतं. संगणकाने दिवसभर गणित करून काढलेले आकडे माझ्याकडे येतात आणि ते डोळ्यांना दिसतील असे मांडून द्यायचे असतात. यासाठी मी बहुतेक वेळा पॅराव्ह्यू हे सॉफ्टवेअर वापरते. अमेरिकेतली किटवेअर ही कंपनी आणि लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी मिळून २००० साली त्याचं काम सुरू केलं, २००२ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आलं. ते मुक्त आहे, फुकट आहे आणि लॅपटॉपपासून महासंगणकापर्यंत कुठेही चालतं.

या कामात निवड करावीच लागते, हे आधी नीट सांगायला हवं. समजा एका खोलीतल्या हवेचं गणित लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना हजार-हजार भाग करून मांडलं. शंभर कोटी बिंदू झाले. प्रत्येक बिंदूला तापमान, दाब आणि वेगाचे तीन घटक असे पाच आकडे. प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तर एका क्षणाचं चित्र वीस गिगाबाइटचं होतं, आणि असे शेकडो क्षण साठवलेले असतात. नेहमीच्या पडद्यावर मात्र एकवीस लाखांच्या आत-बाहेर ठिपके असतात. म्हणजे एकेका ठिपक्यामागे पाचशेच्या आसपास बिंदू रांगेत उभे. सगळं दाखवतो असं कुणी म्हणालं तर ते खरं नसतं. पुढचे बिंदू मागच्यांना झाकतात. काहीतरी बाजूला काढावं लागतं, आणि काय बाजूला काढायचं हे माणूस ठरवतो. पुण्यातच, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, २०२४ मध्ये ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. आकडे असेच वाढत जाणार आहेत आणि त्यांच्यातून वगळण्याचं कामही तितकंच वाढणार आहे.

वगळण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर असतात. ‘स्लाइस’ने हव्या त्या जागी एक पातळ काप घेता येतो. ‘क्लिप’ने अर्धा भाग कापून आतलं दिसतं. ‘कंटूर’ एकाच किमतीचे सगळे बिंदू जोडून पृष्ठभाग तयार करतो. त्यामागची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकमधल्या लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली आणि सीटी स्कॅनमधून कवटीची त्रिमित चित्रं काढण्यासाठीही ती वापरली गेली. आणि ‘थ्रेशोल्ड’. मर्यादा सांगायची, तिच्या आत बसेल ते ठेवायचं, बाकीचं नाहीसं करायचं.

थ्रेशोल्डपाशी मी थोडं थांबणार आहे, कारण चौकटीतली एक छोटी खूण काय करते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. समजा पुराचं गणित केलंय आणि अर्ध्या मीटरपेक्षा जास्त पाणी कुठे साचलं एवढंच बघायचंय. जमीन तीस मीटर बाय तीस मीटरच्या चौकोनांत विभागली आहे आणि पाण्याची खोली चौकोनाच्या कोपऱ्यांवर नोंदलेली आहे. एका चौकोनाचे तीन कोपरे बुडालेले, चौथा कोरडा. हा चौकोन पुरात धरायचा का? पॅराव्ह्यूमध्ये यासाठी ‘ऑल स्केलर्स’ अशी एक चौकट असते. तिच्यावर बरोबरची खूण असेल तर चारही कोपरे मर्यादेत असल्याशिवाय चौकोन धरला जात नाही. खूण काढली की एक कोपरा भिजला तरी तो आत येतो. एक चौकोन म्हणजे नऊशे चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळजवळ नऊ गुंठे. नदीच्या दोन्ही काठांनी अशा चौकोनांची एकेक रांग आत किंवा बाहेर गेली, तर किती घरं पुराच्या चित्रात येतात किंवा चित्रातून गायब होतात, याचा विचार करा. गणित तेच आणि नदीही तीच. बदलली ती एक खूण.

पुण्या-कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना पूररेषा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांवर बांधकामाची परवानगी अवलंबून असते, जमिनीचा भाव अवलंबून असतो आणि कोणाच्या घरात पाणी शिरणार हेही. त्या रेषा कुठल्याही एका सॉफ्टवेअरमधल्या एका खुणेने काढल्या जातात असं मी म्हणत नाही. पण कुठल्याही पूररेषेच्या मागे जमिनीची उंची किती बारकाईने मोजली, चौकोन केवढा घेतला, कडेचा चौकोन आत धरला की बाहेर, असे निर्णय असतातच. नकाशा प्रसिद्ध होतो तेव्हा ते त्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असायला हवेत. नागरिकाला हरकत घ्यायची असेल तर ती रेषेवर नाही, या निर्णयांवर घेता आली पाहिजे.

रंगांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिशाभूल होते ती पट्टीच्या दोन टोकांमुळे, आणि ती बहुधा कुणी मुद्दाम करत नाही. डेटा उघडला की सॉफ्टवेअर स्वतःहून त्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेतं आणि निळ्यापासून लालपर्यंतची पट्टी त्या दोघांमध्ये ताणतं. त्यामुळे प्रत्येक चित्रात काहीतरी निळं असतं आणि काहीतरी लाल असतं. एका कारखान्याच्या शेडमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी दोन पर्यायांची तुलना चालली होती. मला बैठकीला बोलावलं होतं, चित्रं दुसऱ्या कोणी केलेली होती. दोन्ही चित्रांत छताखाली सारखाच लाल पट्टा होता. सादरीकरण सुटसुटीत दिसावं म्हणून बाजूच्या रंगपट्ट्या कापलेल्या होत्या. टेबलाभोवतीचं मत झालं की दोन्ही पर्याय सारखेच, मग स्वस्तातला घ्या. मी मूळ फाइल मागवली. एका चित्रातला लाल म्हणजे ३६ अंश, दुसऱ्यातला लाल म्हणजे ४४ अंश. दोन्ही चित्रांना एकच पट्टी लावली तेव्हा पहिलं जवळजवळ सगळं निळं झालं. त्या छताखाली आठ-आठ तास माणसं उभी राहणार होती.

दुसरं टोक याच्या उलट असतं. पट्टी आधीच ठरवून ठेवलेली असते आणि वास्तव तिच्या बाहेर जातं. जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात उष्णतेची मोठी लाट आली तेव्हा तिथल्या हवामान खात्याच्या नकाशाची पट्टी ५० अंशांवर संपत होती. अंदाज त्याच्याही वर जात होता. त्यांनी पट्टी ५४ अंशांपर्यंत वाढवली आणि जांभळ्या-गुलाबी छटांची भर घातली. ती बातमी जगभर गाजली, आणि माझ्या मते त्यांनी अगदी योग्य केलं. आपल्या पावसाच्या नकाशात साठ टक्क्यांच्या पुढे सगळं एकाच गडद निळ्यात जातं. सरासरीच्या पावणेदोन पट पाऊस आणि सरासरीच्या पाच पट पाऊस तिथे सारखेच दिसतात. एकात विहिरी भरतात, दुसऱ्यात सोयाबीन सडतं आणि गावं पाण्याखाली जातात.

कोणता रंग कशानंतर यावा, यावर आता पुष्कळ अभ्यास झालेला आहे. इंद्रधनुष्यासारखी पट्टी वर्षानुवर्षं सगळीकडे चालली. मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ पर्यंत ‘जेट’ नावाची तशीच पट्टी आपोआप लागायची आणि आमच्या पिढीतल्या प्रत्येक इंजिनिअरचा प्रोजेक्ट रिपोर्ट तिनेच रंगलेला आहे. तिच्यातला दोष असा की पिवळा रंग इतरांपेक्षा फार उजळ असतो. डोळा आधी तिथे जातो, मग तिथे महत्त्वाचं काही असो वा नसो. हिरव्याचा पट्टा रुंद असतो, त्यात खरे फरक बुडून जातात. हिरवा संपून पिवळा सुरू होतो तिथे एक कड दिसते, पण आकडे त्या जागी सावकाशच बदलत असतात. २००७ मध्ये बोर्लंड आणि टेलर या दोघांनी ही पट्टी अजूनही घातक आहे, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. २०११ मध्ये हार्वर्डमध्ये मिशेल बॉर्किन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्यांच्या चित्रांवर एक प्रयोग केला. धमनीच्या भिंतीवर प्रवाहाचा ताण कुठे कमी आहे, म्हणजे धोका कुठे आहे, हे बघणाऱ्यांनी शोधायचं होतं. इंद्रधनुष्यी रंगांच्या त्रिमित चित्रात अशा जागांपैकी ३९ टक्के सापडल्या. धमनी सपाट उलगडून मांडली आणि नेमके निवडलेले रंग दिले, तेव्हा ९१ टक्के सापडल्या. रुग्ण तेच होते आणि मोजमापंही तीच होती.

म्हणूनच पुढे शहाणपणाचे बदल झाले. सँडिया प्रयोगशाळेतल्या केनेथ मोरलंड यांनी निळ्यापासून फिक्या करड्यावरून लालाकडे जाणारी पट्टी तयार केली, ती पॅराव्ह्यूमध्ये अनेक वर्षं आपोआप लागत असे. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने २०१७ च्या सुरुवातीला ‘विरिडिस’ ही पट्टी स्वीकारली. गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत तिची उजळता एकसारखी वाढत जाते, त्यामुळे रंग काढून टाकला तरी चढ-उतार कळतो.

रंग काढून टाकला तरी, हा मुद्दा वर्तमानपत्राच्या वाचकाच्या फार जवळचा आहे. आतली पानं अनेकदा कृष्णधवल असतात, झेरॉक्स तर असतेच असते. हवामान विभागाचा तो नकाशा करड्या छटांत छापून बघा. लाल आणि गडद निळा जवळपास सारखेच दिसतात: एक तुटीचा, दुसरा अतिवृष्टीचा. पिवळा इतका फिकट होतो की तो ‘पाऊस नाही’च्या पांढऱ्यात मिसळतो. शिवाय लाल आणि हिरवा यांतला फरक ज्यांना दिसत नाही अशी माणसं आपल्या आसपास असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात आठच्या आसपास आहे, आपल्याकडे काहीसं कमी. त्या नकाशात ‘सरासरीइतका’ आणि ‘तूट’ यांच्यामधली सीमा नेमकी हिरव्या-लालाचीच आहे.

सीमेबद्दलही बोलायला हवं. उणे १९ हिरवा, उणे २० लाल. एका टक्क्याने रंग उलटा होतो, आणि अधिक १९ पासून उणे १९ पर्यंतचा एवढा मोठा पल्ला एकाच हिरव्यात बसतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तरी मोसमाच्या अखेरीस उपविभागांच्या नकाशात मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र हिरवे होते. त्यानंतर ऑक्टोबर संपताना राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नकाशा खोटा नव्हता. चार महिन्यांची बेरीज आणि अनेक जिल्ह्यांची सरासरी करून एकच आकडा काढला आणि त्याला एक रंग दिला, की पिकाच्या ऐन गरजेचे कोरडे आठवडे त्यात दिसणारच नाहीत. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. या दोघांना जिल्ह्याच्या एका रंगात रंगवलं तर माणच्या शेतकऱ्याला त्या रंगातून काय कळणार?

हवेच्या बाबतीतही असंच घडतं. चोवीस तासांच्या सरासरीत पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांचं प्रमाण दर घनमीटरला ५८ मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांकात तो दिवस ‘समाधानकारक’ ठरतो आणि फिकट हिरवा दिसतो. तेवढ्याच धुळीला अमेरिकी निर्देशांक लाल दाखवतो, ‘आरोग्याला घातक’ म्हणून. मुंबईतल्या दम्याच्या मुलाची आई सकाळी फोनवर रंग बघून मुलाला मैदानावर पाठवायचं की नाही ते ठरवते. मर्यादा कुठे असावी यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, देशादेशांची परिस्थितीही वेगळी असते. पण त्या आईला हिरव्याच्या जोडीला ५८ हा आकडा दिसलाच पाहिजे, आणि हिरवा कुठे संपतो तेही.

माझी मागणी आता स्पष्ट मांडते. जनतेसमोर ठेवल्या जाणाऱ्या प्रत्येक वैज्ञानिक चित्राशेजारी रंगपट्टी असावी, तिच्या दोन्ही टोकांचे आकडे असावेत, काय वगळलं ते एका ओळीत लिहावं आणि ‘शून्य’ व ‘माहिती नाही’ यांना वेगळी खूण असावी. संपादकांनी पट्टी कापलेलं चित्र परत पाठवावं. जागा वाचवण्यासाठी पहिली कात्री तिलाच लागते, हे मला माहीत आहे. पण पट्टी गेली की उरतं ते नुसतं रंगकाम. पर्यावरणाच्या जनसुनावणीत किंवा पूररेषेच्या सुनावणीत चित्राबरोबर त्यामागची आकड्यांची फाइलही मागण्याचा हक्क नागरिकाला हवा.

ती फाइल उघडणारी माणसं आपल्याकडे आहेत. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा देशभराचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मांडून संकेतस्थळावर खुला ठेवला आहे. हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल या खात्याचा मला मनापासून आदर आहे. अंबाजोगाईच्या किंवा वैभववाडीच्या कॉलेजातली मुलं ती फाइल उतरवून घेऊ शकतात, पॅराव्ह्यूत उघडू शकतात, पट्टी स्वतः ठरवू शकतात आणि आपल्या भागात ऑगस्टचे कोरडे दिवस कुठल्या वर्षी किती होते ते बघू शकतात. भूगोलाच्या आणि शेतीच्या शिक्षकांनी हे वर्गात करून घ्यावं. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही.

आणि काकांच्या प्रश्नातल्या नकाशासाठी माझी सूचना अशी. तुटीसाठी तपकिरी, जितकी तूट जास्त तितका गडद. सरासरीच्या आसपास फिका, जवळजवळ पांढरा. जास्त पावसासाठी निळसर हिरवा, तोही वाढत्या पावसाबरोबर गडद होणारा, आणि साठ टक्क्यांच्या पुढे आणखी दोन पायऱ्या. पाऊस अजिबात नसेल तिथे सर्वांत गडद तपकिरी, माहितीच नसेल तिथे तिरप्या रेषा. कृष्णधवल छपाईत तपकिरी आणि निळसर हिरवा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तुटीच्या भागावर बारीक ठिपके द्यावेत. यासाठी नवं यंत्र लागत नाही की वेगळा निधी लागत नाही. एका फाइलमधले रंगांचे मोजके आकडे बदलायचे आहेत, आणि ते येत्या मोसमाच्या आधी बदलून होऊ शकतात.